मराठीसाठी एक, कोंकणीसाठी दोन

माझ्या धाकट्या दिरांइतका हुशार आणि इतका निरुपयोगी माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात दुसरा नसेल. पेडण्यात असलाच तर तो त्यांचा मित्र असणार. बंद झाकणाची वस्तू भावजींना सहन होत नाही. मिक्सर, इस्त्री, सासूबाईंचं कानाचं यंत्र, सगळं त्यांनी उघडून पाहिलं. इस्त्री अजून उघडीच आहे. सासूबाई आठवडाभर कोणाचं काही ऐकत नव्हत्या; अर्थात आधीही ऐकत नव्हत्या, तो भाग निराळा. "वहिनी, जी वस्तू उघडता येत नाही ती आपली नव्हेच," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

साखळी गावात आमचं पाण्याच्या पंपांचं दुकान, पेडण्याकडच्या तुयेला दुरुस्तीची शेड. दुकान मी बघते. शेड भावजी बघतात, म्हणजे कामगार बघतात आणि भावजी इंटरनेट बघतात. आमचं पोट एका खाणीवर. खड्ड्यात पाणी भरलं की तिथला फोरमन फोन करणार, आम्ही लगेच पंप पोचवणार. फोन लागला नाही तर म्हापशाचा दुकानदार टपलेलाच. म्हणून मी म्हटलं, दुकान आणि शेड जोडणारं साधं टेलिफोन एक्स्चेंज बसवा. बाहेरचा माणूस बसवून, चहा पिऊन गेला असता. पण भावजींना ओपन सोर्स सापडलं होतं. जगभरच्या लोकांनी लिहून मोकळं सोडलेलं, कोणीही उघडून बदलावं असं सॉफ्टवेअर! त्यांचा स्वर्ग याहून वेगळा नसावा. जुन्या कॉम्प्युटरचं झाकण निघालं, आत टेलिफोनचं कार्ड बसलं, आणि महिनाभर हुमणाचं, म्हणजे माशाच्या आमटीभाताचं, ताट त्याच्या शेजारी निवत राहिलं.

शेवटी यंत्र बोललं. भावजींच्याच आवाजात, मंगलाष्टकं म्हणावीत तसं: "नमस्कार. मराठीसाठी एक दाबा, कोंकणीसाठी दोन."

आणि हे गोव्यात! याच प्रश्नावरून इथे सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. भाषेचा कायदा झाला, गोव्याचं राज्य झालं, माणसं भांडून दमली आणि गप्प बसली. भावजींनी त्यांना पुन्हा उठवलं. दुसऱ्याच दिवशी एक भाटकार, नारळी-पोफळीच्या बागांचा मालक, काठी आपटत दुकानात: "बाये, कोंकणी दुसरी कित्याक?" भावजींनी क्रम बदलला. मग शाळेतले जुने मास्तर आले: "मराठीला दुय्यम स्थान? तुमच्या घरात?" यावर भावजींनी तोडगा काढला, सम तारखेला मराठी आधी, विषम तारखेला कोंकणी.

"पंप घेणाऱ्याने आधी कॅलेंडर बघायचं का?" मी विचारलं.

"वहिनी, न्याय नको?"

हा न्याय चालू असताना एका दुपारी खाणीचा पंप बंद पडला. फोरमन सिंधुदुर्गातला. लाल धुळीने माखून मोटरसायकलवरून थेट दुकानात आला. "वैनी, तुमचो कॉम्प्युटर माका भाषा इचारता! माका पंप होयो. मी मालवणी माणूस, खयचो आकडो दाबू?" पंप घेऊन गेला, पण जाताना म्हणाला, पुढच्या वेळी म्हापसा.

मी तुयेला फोन करून भावजींना सांगितलं की खाण गेली तर तुमचं यंत्र उद्या भंगारात. संध्याकाळी येऊन त्यांनी एवढंच बदललं, की फोरमनचा नंबर आला की काही विचारायचं नाही. दुकान, शेड, आमचं घर, भावजींचं घर, सगळीकडचे फोन एकदम वाजणार, जो आधी उचलेल तो बोलणार. पुढचा फोन ऐन दुपारच्या झोपेच्या वेळी आला, आणि मी डोळे चोळत चपला शोधेपर्यंत भावजी लुंगीवरच टेंपोत पंप टाकून निघाले होते. खाण आमच्याकडे राहिली.

पुढे खाणीच बंद झाल्या. त्यावर ओपन सोर्समध्ये उपाय नव्हता. फोरमन गावी गेला. त्याचा नंबर मात्र भावजींनी काढलेला नाही, त्यामुळे कधीतरी दुपारी सगळे फोन एकदम ओरडायला लागतात. पहिल्यांदा मीच उचलला. "वैनी, पंप नको. सहज केलंय."

बिनकामाच्या फोनला मला वेळ नसतो. हल्ली वाजला की मी रिसीव्हरवर नुसता हात ठेवून बसते, भावजी उचलेपर्यंत. त्यांनी नाहीच उचलला तर?