मी पुरवलेले शब्द

ठेचकाळत वाचणाऱ्या मुलीला मी एकदा फडाफडा वाचणारी ठरवलं होतं, एवढी मी हुशार! काल खणात जुनं स्टॉपवॉच सापडलं आणि ते आठवून एकटीच हसले. नेपियर टाउनमधल्या एका कोचिंग क्लासच्या खोलीत आम्हा शिक्षिकांना डिस्लेक्सियाची तपासणी शिकवत होते. माझ्यासमोर शेजारच्या मदन महल भागातली दहावीतली मुलगी उतारा वाचायला बसली होती. वाचनाचा खरा वेग अहवालात आला, तरच तिला बोर्डाच्या पेपरात जादा वेळ मिळणार होता. कूलर घरघरत होता, तरी तिच्या बोटांच्या घामानं कागद ओला झाला होता. ती अडली की माझा जीव कळवळायचा. मी हळूच शब्द सांगायची आणि वर शाबासकीची मान डोलवायची. वेग झकास आला! शिकवणाऱ्या बाई मागेच उभ्या होत्या. "काहून हो, परीक्षा कोण देऊन राहिलं?" म्हणत त्यांनी माझा नोंदीचा कागद फाडला आणि तिला दुसरा उतारा दिला. आता आजी झाले, नव्या शिक्षिकांना हेच शिकवते, आणि पहिल्या दिवशी त्या मुलीचं बोलणं जसंच्या तसं सांगते. दुसरा उतारा हातात घेत ती म्हणाली होती, "मॅडम, आता चूप राहा जी, मला माझं माझं चुकू द्या."