कशेळ्याच्या भीमाबाई आणि एका बेटाचं मत

कशेळ्याच्या भीमाबाईंना प्रश्न विचारायची खोड होती. जीपवाल्याला विचारतील, "टायर कितीला पडला रं?" डॉक्टरला विचारतील, "गोळी पोटात गेल्यावर तिला कसं कळतं, दुखतंय कुठं ते?" लोक वैतागत. पण सदुसष्टाव्या वर्षी जेवणाची भांडी तशीच टाकून या बाईनं फोनवरून जिनिव्हाला जे प्रश्न विचारले, ते तिथल्या कोटवाल्यांपैकी एकालाही दोन वर्षांत सुचले नव्हते.

जिनिव्हाला त्यांची भाची होती, जागृती. तिचा बाप जगदीश, म्हणजे भीमाबाईंचा धाकटा भाऊ, गेला तेव्हा पोर नऊ वर्षांची. खालापूरकडच्या एका नव्या वसाहतीत त्याला मैल्याच्या टाकीत उतरवलं, कमरेला दोरसुद्धा न बांधता. वर आला तो मेलेलाच. पोरीला आई आधीच नव्हती. भीमाबाईंनी तिला वाढवलं, वकील केलं. आता ती एका संस्थेत कामाला होती. माणसाला गटारात उतरवणं सगळ्या जगानं बंद करावं, असा ठराव मानवी हक्कांच्या परिषदेत मंजूर व्हावा म्हणून देशोदेशींच्या वकिलातींचे उंबरठे झिजवत होती. बापासाठीच करतेय, हे ती बोलायची नाही आणि भीमाबाई विचारायच्या नाहीत. तेवढा एकच प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही.

मतदान तीन दिवसांवर आलं आणि गाडी एका मतावर अडली.

"वीस आमच्या बाजूनं, एकोणीस विरुद्ध, सात तटस्थ," जागृती फोनवर म्हणाली. "राहिलं एक बेट. ते विरुद्ध गेलं तर वीस-वीस. बरोबरी झाली की ठराव पडतो."

"केवढं हाय बेट?"

"आपल्या कर्जत तालुक्याच्या निम्मीसुद्धा वस्ती नाही."

"आणि मतं किती त्यांना?"

"एकच. बड्या देशालाही एक, यांनाही एक."

"हे बरं केलंय," भीमाबाई म्हणाल्या. "मग अडलंय कुठं?"

"विरोधातल्या एका बड्या देशानं त्यांना जेट्टी बांधून द्यायचं कबूल केलंय. सगळे म्हणतात, जेट्टी आली की मत गेलं."

जेट्टीचं भीमाबाईंना काडीचं नवल वाटलं नाही. ग्रामपंचायतीत दहा वर्षं काढलेल्या बाईला वाटेल कशाला? निवडणूक आली की वाडीवर सौरदिवे उगवतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांना भलतंच कुतूहल होतं.

"त्यांचा साहेब कसाय?"

"बाई आहे, आत्या. राजदूत. गोड बोलते. दर वेळी म्हणते, बघू."

"कचेरीत माणसं किती तिच्या?"

"दोन. ती आणि एक मदतनीस."

"आणि ठराव किती या खेपेला?"

"असतील पस्तीसेक. का गं?"

"मग ती वाचते कधी?"

"चार पानांचं टिपण दिलंय मी तिला. तीनदा ईमेल केलाय."

"कागद मला पण दिलेले," भीमाबाई म्हणाल्या.

ही गोष्ट भाचीला पाठ होती, पण आपल्याला सांगायला हवी. भीमाबाई सातवी शिकलेल्या. राखीव जागेवर निवडून आल्या, त्या पहिल्याच वर्षी मासिक सभेत ग्रामसेवकानं अकरा विषयांचा गठ्ठा फिरवला. "नेहमीचंच आहे सगळं, बाई." भीमाबाईंनी हात वर केला. आठवड्यानं कळलं की सातव्या विषयात त्यांच्याच बौद्धवाडीला मंजूर झालेली बोअरवेल सरपंचाच्या आळीत हलवली होती, आणि हलवणाऱ्या हातांत त्यांचाही हात होता. वर्षभर वाडीतल्या बायका लांबून हंडे आणताना मुद्दाम त्यांच्या दारात थांबत. "काय मेंबरबाई, हात दुखतो का गं अजून?"

तेव्हापासून नेम झाला. वाचून दाखवल्याशिवाय हात वर करायचा नाही. आणि दुसऱ्याचं मत हवं असेल तर त्याच्या घरी जाऊन त्याला वाचून दाखवायचं. डोंगरावरच्या वाडीचा मेंबर होता नागू. त्याला सगळे खाली सडकेवर बोलवून सही घ्यायचे. बोअरवेल परत आणायचा ठराव घेऊन भीमाबाई दोन तास चढून गेल्या आणि त्याच्या ओट्यावर बसून सगळा वाचला. नागूनं शांतपणे ऐकलं. म्हणाला, "यात आमच्या वाडीचं काय हाय?"

"काय बी नाय."

"मंग घाला की कायतरी!"

त्यांनी वाडीच्या वाटेवरच्या ओढ्याची मोरी घातली. ठराव एका मतानं पास झाला.

"आत्या, ती राजदूत आहे," जागृती कळवळली. "परदेशात शिकलेली बाई. तिला मी वाचून दाखवू? अपमान नाही का वाटणार?"

"तिला वाचता येतं ते कळतं मला, येडे. वेळ नाय तिला. समोर बस आणि वाच. मधी तुझं भाषण नको. कुठं तिच्या कपाळाला आठी पडते ते बघ, आणि तिथंच थांब."

"आणि ती म्हणाली, उठ?"

"तर उठायचं. खुर्ची काय तुझी हाय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला तो धापा टाकतच. राजदूतबाईंनी कॅंटीनमध्ये पंधरा मिनिटं दिली होती. जागृती ठराव वाचत गेली. नवव्या कलमाला आठी पडली. प्रत्येक देशानं दर वर्षी अहवाल पाठवायचा, असं ते कलम.

"म्हणाली, आमच्या राजधानीत असले अहवाल लिहायला एकच माणूस आहे. तो आधीच सहा अहवाल मागे पडलाय. तुमचा सातवा कोण लिहिणार? आत्या, दोन वर्षं आम्ही त्या जेट्टीवरच डोकं फोडत होतो!"

"जेट्टी पण असंलच गं. पण ती कोण बोलून दाखवत नाय. मग तू काय केलंस?"

जागृती ठराव मांडणाऱ्या देशांकडे धावली होती. रात्रीच्या आत एक ओळ बदलून मिळणार होती: लहान देशांनी तीन वर्षांतून एकदा, सगळ्यांनी मिळून लिहिलं तरी चालेल.

मतदानाच्या दिवशी आपल्याकडे दुपारचे चार वाजले होते. सून हर्षलानं फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर देशांची नावं, नावांपुढे दिवे. बाजूनं हिरवा, विरुद्ध लाल, तटस्थ पिवळा. भीमाबाई एकच नाव शोधत होत्या. ते दिसलं. त्याच्यापुढे पिवळा दिवा.

वीस, एकोणीस, आठ. ठराव पास झाला.

पाच मिनिटांत जागृतीचा फोन. रडत होती, हसत होती, आणि वर तक्रारही. "झाला गं आत्या! पण मला वाटलेलं हिरवं दाबेल. ऐन वेळी धीर नाही झाला तिला."

"जेट्टी मिळंल का आता त्यांना?"

"बहुतेक नाही. भडकलेत ते लोक."

"मग धीर आणखी कशाला म्हणतात?"

पलीकडे गलका होता. कुणीतरी जागृतीला फोटोसाठी हाका मारत होतं.

"फोटो राहू दे," भीमाबाई म्हणाल्या. "मत देऊन हात खाली आला की त्या माणसाकडं कोण फिरकत नाय. आधी तिच्याकडं जा. आणि फोन बंद करू नको, मला बघायचीय ती."

फोन हलत डुलत निघाला. दिवे, जिने, माणसांचे पाय. मग एका लांब खिडकीखाली बाकावर बसलेली, पन्नाशीची, जाड भिंगांच्या चष्म्याची बाई दिसली. मांडीवर पुढच्या ठरावाचे कागद होते.

"तिला विचार," भीमाबाई कुजबुजल्या, "घरून फोन आला का."

जागृतीनं विचारलं. बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि काहीतरी म्हणाल्या.

"तीन आले म्हणते, आत्या, राजधानीतून. एकही उचललेला नाही."

"मग बस तिच्याशेजारी," भीमाबाई म्हणाल्या. "चौथा उचलेपर्यंत बस."