काटा हलला तेव्हा मी कुठे बघत होतो

स्कूबा शिकायचं कधी डोक्यातही नव्हतं. मित्राची चप्पल परत करायला पोहण्याच्या तलावावर गेलो, तिथे बोर्ड दिसला, नाव घातलं. सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीपासून समुद्र किती लांब, हा प्रश्न नंतर पडला.

तीन रविवार तलावात शिकलो. जोडीला लिमयेबाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, वय एकसष्ट. पाण्यात उतरण्याआधी जोडीदारानं एकमेकांचं सामान तपासायचं असतं. माझं लक्ष उडालं की बाई म्हणायच्या, "राजे, इकडे बघा. जीव माझा पणाला लागलाय."

डिसेंबरात सहा जण मालवणला निघालो. पहाटेच निघा. कोल्हापूरहून गगनबावड्याचा घाट घ्या, रस्ता अरुंद आहे पण बघत राहावा असा. कोल्हापुरात मिसळ खाताना फॉर्म भरले: 'माझ्या सुरक्षेची जबाबदारी माझी.' बाईंनी ओळन् ओळ वाचली, त्यांची मिसळ गार झाली. मी रश्शाच्या हातानंच सही ठोकली. तुम्ही फॉर्म घरी वाचा.

दुसऱ्या दिवशी होडीत तपासणी. नळीतून श्वास घेताना हवेच्या मीटरचा काटा स्थिर राहायला हवा. बाईंनी श्वास घेतला. काटा खाली गेला, परत वर आला. मी पाहिलं. तेवढ्यात एक समुद्र गरुड मासा घेऊन डोक्यावरून गेला आणि मी म्हणालो, "ओके."

खाली फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी प्रवाळं. मार्केट यार्ड आठवलं. इतक्यात बाईंनी माझा खांदा धरला आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला. हवा येत नव्हती. जोडीदारासाठी असते ती माझी जादाची नळी कुठे लटकते तेच मला सुचेना. त्यांनी स्वतःच ती ओढून तोंडात धरली. एकमेकांना धरून आम्ही सावकाश वर आलो. उण्यापुऱ्या चार मिनिटांचा डाइव्ह.

बाईंच्या सिलिंडरचा वॉल्व्ह जेमतेम उघडलेला निघाला. आमचा मालवणी प्रशिक्षक म्हणाला, "चुकी माझी. शेवटचो हात माझो होतो."

"अहो, नळी माझ्या तोंडात होती. काटा मीच बघायला हवा होता," बाई म्हणाल्या.

दोघं चुकीसाठी भांडत होते. मला कुणी विचारलंच नाही. दुपारी सुरमईची थाळी होती, फक्कड असते म्हणतात. मी नुसती सोलकढी प्यायलो.

पुण्यात उतरताना बाईंनी आपली डाइव्हची वही माझ्या हातात दिली. "जोडीदाराची सही लागते."

चार दिवस वही टेबलावर होती. फॉर्मप्रमाणे जबाबदारी बाईंची, प्रशिक्षक म्हणतो त्याची. दोघांनी पूर्ण घेतली, मग माझ्या वाट्याला उरली किती? की तिघांचीही पूर्णच? काही कळेना. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'काटा हलताना मी पाहिला होता.' सही केली आणि बाईंकडे गेलो.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. मला वाटलं, आता दार दाखवतील.

"किती खाली गेला होता?"

"आठवत नाही, बाई."

"पहिल्याच श्वासाला?"

गरुडाचे पंख मला पिसापिसानं आठवत होते. काटा आठवेना.

"मग बसा इथे आणि आठवा," म्हणत त्या चहा टाकायला आत गेल्या.

चहा झाला, घरी आलो, हे लिहूनही झालं. काटा अजून आठवत नाही.