नर्मदावयनींचे वाऱ्यावरचे तळण

शिजत घातलेल्या पदार्थात दर दोन मिनिटांनी डोकावल्याशिवाय नर्मदावयनींना चैन पडत नसे. एअर फ्रायरचे दार उघडले की तो थांबायचा, आणि कुंपणापलीकडून मला हाक यायची, "अरे विश्वास, ह्यां परत बंद पडला रे." मी जाऊन दार नीट लावायचो. मशीन सुरू व्हायचे.

"तू काय केलंस?"

"दार लावलं, वयनी."

"दार तर मी पण लायतंय," असे म्हणून त्या मशीनकडे संशयाने बघत राहायच्या.

डिचोलीत आमची घरे शेजारीशेजारी. वयनींचे माहेर दोडामार्गाकडचे, बोली अजून तिकडचीच. त्यांचे यजमान दत्तारामभाऊ खाणीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी तळलेले बंद केले. तेव्हा वास्कोला असणाऱ्या मुलाने हा फ्रायर आणून दिला. कपाटाएवढा. स्वयंपाकघरात मावेना, म्हणून मागच्या अंगणात पत्र्याखाली ठेवला.

"वाऱ्यान कोण तळता?" वयनी मला विचारायच्या. "ह्यां तळता काय भाजता, एक काय ता सांग."

मलाही नीट सांगता येत नसे. बटणांवर चित्रे होती, त्यांवरून त्या अंदाज बांधत. रवा लावलेले बांगडे कोरडे ठणठणीत निघाले. सळईवर अख्खी कोंबडी लावली, तेव्हा दोघे खुर्च्या टाकून तिचे फिरणे बघत बसले. केक वर करपला, आत कच्चा राहिला. कोकमाची सोले वाळवली ती कौलासारखी कडक झाली.

प्रत्येक वेळी त्या भाऊंना विचारत, "कसा झाला?"

"बरा झाला," भाऊ म्हणत.

"सगळाच बरा कसा होयत?" त्या मला येऊन विचारत. त्यांना खरोखरच कळत नव्हते.

मला कळत होते. बुधवारच्या बाजाराला भाऊ माझ्याबरोबर यायचे आणि गाड्यावर उभे राहून मिरचीभजी खायचे. मी अडवायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "खाऊ दी रे. आणि तिका सांगू नको. बिचारी खूप धडपडता माझ्यासाठी."

पावसाळा संपता संपता एका सकाळी भाऊ चहा घेता घेता गेले. त्या भज्यांमुळे तर नाही ना, हे मी कोणाला विचारू शकलो नाही.

महिन्याच्या श्राद्धाला वयनींनी मला बोलावले. वड्यांचे पीठ तयार होते. कढई एका बाजूला, दुसऱ्या बाजूला मशीनचा ट्रे.

"पानावर कसले वाढू? तेंका ह्यातले आवडत, की माझा मन राखत? तुका कधी काय बोलले?"

मी सगळे सांगून टाकले. त्या पाटावर बसल्या.

"किती खायत?"

"दोन. कधी तीन."

"गरम आसत?"

"कढईतनं काढलेली."

त्यांनी उठून कढई शेगडीवर ठेवली, तेल ओतले. "माका सांगूक होया होता तेंनी," त्या म्हणाल्या. "चार भजी मीच काढून दिली असती."

हा राग होता की आणखी काही, मला उमगले नाही. तू तेव्हाच का नाही सांगितलंस, या प्रश्नाची मी वाट बघत उभा होतो; तो त्यांनी विचारला नाही. पहिला वडा फुगून वर आला, तो झाऱ्याने काढून त्यांनी पानावर वाढला.