ड्राइव्हवेवरचा सडा

चहा खाली ठेवा आधी, नाहीतर नाकातून येईल. पडणाऱ्यांना हसण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण आज सांगतेय ती पडलेली बाई मीच.

मिशिगनला मुलाकडे होते तेव्हाची गोष्ट. मुलगा कामासाठी बाहेरगावी. सूनबाईचा, म्हणजे नीलिमाचा, तीन वर्षं घरी बसल्यावर पहिला इंटरव्ह्यू, सकाळी नऊला. आणि उठून बघतो तर दारात घोटाभर बर्फ!

मुलानं फोनवर आधीच दम भरला होता, "आई, फावड्याला हात लावायचा नाही. असल्या थंडीत बर्फ उपसताना तुझ्या वयाची माणसं जागेवर जातात." वर स्वतःची शपथ घातली.

बरं. फावडं नाही तर नाही. चौथी पास असले तरी अंगणातलं मला कोण शिकवणार? नीलिमा आंघोळीला गेली तशी मी पातेली चढवली आणि उकळत्या पाण्याचा सडा घातला. आठ खेपा! बर्फ बघता बघता विरघळला. खालचं अंगण काळंभोर, चकचकीत. चकाकी जरा जास्तच वाटली, पण म्हटलं अमेरिकेचं अंगण, चकाकणारच.

नीलिमानं गाडी सुरू केली. चाकं जागच्या जागी गरगर.

"आई, काय केलंत हे?"

"सडा."

"अहो, फ्रीझ झालंय सगळं. काच झालीय. आता मी जाऊ कशी?"

तिचे डोळे भरले आणि माझं हसू पळालं. म्हटलं, ही गाडी आज निघणार म्हणजे निघणार.

साताऱ्याहून आणलेली रांगोळीची पिशवी काढली. तीच, जिच्यातली पांढरी पूड बघून विमानतळावर पोलीस जमले आणि मुलगा मला ओळख दाखवेना. दगडाचीच पूड ती, खरखरीत. उभं राहता येईना, म्हणून बसले आणि बुडावर सरकत चाकांमागे थेट रस्त्यापर्यंत दोन पट्टे ओढले. पांढरी संपली, लाल घेतली. लाल संपली, हिरवी.

चाकांनी रांगोळी धरली. गाडी निघाली!

मी ऐटीत उभी राहिले, आशीर्वादाला हात वर केला, आणि पाय सटकले. रस्त्याकडेला बर्फाचा ढीग होता, त्यात कमरेपर्यंत रुतले. शेजारचे गोरे आजोबा धावले आणि फावड्यानं मला उपसून काढलं. भुईमुगासारखं.

नीलिमा वेळेत पोचली, हे संध्याकाळी मुलानंच फोनवर सांगितलं. मग आवाज बारीक करून विचारलं, "आई, फावड्याला हात नाही ना लावलास?"

"तुझी शपथ रे, नाही लावला," मी म्हटलं. "फावड्यानंच मला लावला."