पानांच्या छपराखालचे सात दिवस

मी घर सोडलं ते एका शनिवारी, भर दुपारी. ज्यांना यात काही विशेष वाटणार नाही त्यांच्यासाठी सांगते, की आमच्या घरी शुक्रवारचा सूर्य बुडाला की शनिवारचा बुडेपर्यंत चूल पेटत नसे, विळ्याला कोणी हात लावत नसे, आणि एसटीत चढण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण सोमवारी सकाळी मला पुण्याच्या लॅबमध्ये हजर व्हायचं होतं आणि रविवारच्या ट्रॅव्हल्समध्ये जागा उरली नव्हती. आई फाट्यापर्यंत चालत पोचवायला आली. बाबा दारातच थांबले. मी म्हटलं, "बाबा, माफ करा."

"माही माफी काऊन मागून राह्यली? ज्याची मागाची त्याले माग. अन् गाडीत जेवून घेजो."

मूल हे आमचं तालुक्याचं गाव येईपर्यंत गाडी उलटणार याची मला खात्री होती. उलटली नाही. मी मुळातच भित्री आहे. पुढची कित्येक वर्षं काहीही बिनसलं, तापाने पडले, काचेची नळी हातातून फुटली, आणि शेवटी आई गेली तेव्हासुद्धा, मी मनातल्या मनात त्या शनिवाराशीच हिशेब जोडत बसले. देवाने एवढं मनावर घेतलं असेल असं आता वाटत नाही. तेव्हा मात्र वाटायचं.

आम्ही ख्रिस्ती. मूल-सावलीकडच्या आमच्या गावात आमचं एकच ख्रिस्ती घर होतं, आणि बाबांनी त्या एका घरालाही वेगळं करून ठेवलं होतं. आजोबा रविवारी प्रार्थनेला जायचे. बाबांनी शास्त्र स्वतः वाचायला घेतलं आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यात रविवार नाहीच, सातवा दिवस आहे. नाताळ नाही, वल्हांडण आहे, बेखमीर भाकरीचा सण आहे, मंडपांचा सण आहे. झालं! आमच्याकडे तेच सुरू झालं. बेखमीर भाकरीच्या सणाला घरातलं खमीर बाहेर काढायचं, पण भात खाणाऱ्यांच्या घरात खमीर असणार कुठे? मग आई आमची दप्तरं उलटी करून टोस्टचा चुरा झटकायची, आणि आम्ही भावंडं एखादा कण राहिला तर काय होईल या धास्तीने फटी कोरत बसायचो.

मूलच्या चर्चचे पाळकसाहेब एकदा समजूत घालायला आले. हे सगळं यहुद्यांचं, आपल्याला कृपेने तारण मिळालं आहे, नियमाचं ओझं कशाला, असं त्यांचं म्हणणं. माणूस चांगला होता. बाबांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "साहेब, येशू कोणता सण पाळत होता? त्यानं पाळला तो मी पाळला त माहं काय बिघडते? तारणासाठी नाई पाळून राह्यलो. त्याच्या घरचा हाय म्हणून पाळतो." पाळकसाहेब बशीतला चहा संपवून निघून गेले. पुण्यातल्या चर्चच्या मंडळीतही मला हाच प्रश्न येतो, आणि माझ्याजवळ अजून याहून चांगलं उत्तर नाही.

सगळ्यांत मोठा मंडपांचा सण. कोजागिरीच्या आसपास, धान लोंबीवर आलेलं असताना सात दिवस. शास्त्रात लिहिलंय की मिसर देशातून निघालेले लोक चाळीस वर्षं रानात झोपड्यांत राहिले, त्याची आठवण म्हणून पानांच्या मंडपात राहायचं. म्हणजे घर सोडून निघालेल्यांचाच सण की हा! हे मला घर सोडल्यावर कळलं. लहानपणी मला त्यात फक्त वाघ दिसायचा.

कारण मंडप आमच्या शेतावर, वावरात, असायचा आणि वावर जंगलाला लागून. बाबा बांबू रोवायचे, शेजारच्या वावरातले चैतूभाऊ सागाची पानं आणून छप्पर करायचे. चैतूभाऊ गोंड, त्यांचा देव वेगळा, पण आमच्या शनिवाराला गावात फक्त तेच हसत नसत. "आमच्यातबी देवाचा दिवस रायते," ते म्हणायचे. "त्या दिवशी नांगराले हात लावाचा नाई." दिवसभर आम्ही मंडपात असायचो, तिथेच जेवायचो, गायचो, आणि ऊन उतरलं की घरी. छपरातून आभाळ दिसलंच पाहिजे असा बाबांचा आग्रह. मला मात्र छपरापेक्षा भिंतींची काळजी, कारण भिंती नव्हत्याच.

मी नववीत असताना सणाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी नाल्यापलीकडून ओरडा ऐकू आला. मग डबे बडवल्याचा आवाज. शेजारच्या गावची एक बाई गवत कापायला गेली होती. तिला वाघाने नेलं. आमच्याकडे अशा वेळी वाघ हा शब्द कोणी उच्चारत नाही, नुसतं "त्यानं नेलं" म्हणतात. आईने आमच्या पुढची पानं उचलली, भात तसाच डब्यात कोंबला आणि उभी राहिली. बाबा म्हणाले, अजून चार दिवस आहेत.

"देवानं मंडपात राहाले सांगतलं," आई म्हणाली, आणि तो शब्द तिने उच्चारलाच, "वाघाच्या तोंडात राहाले नाई सांगतलं."

बाबा बांबूकडे वळले. त्यांनी बांबूची गाठ सोडायला घेतली, पण त्यांची नजर नाल्याकडून हलेना, बोटं नुसती गाठीवर फिरत राहिली, आणि शेवटी चैतूभाऊंनीच ती सोडली. बाप भितो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला आई जिंकल्याचा आनंद झाला, आणि बाबांकडे पाहिल्यावर तो टिकला नाही. तेव्हापासून मंडप अंगणात बांधला जाऊ लागला.

पुण्यात आले आणि पहिले आठ महिने मी सगळे शनिवार काम केलं. मग एकदा धीर करून लॅबच्या मुख्य डॉक्टरांना विचारलं, की सगळे रविवार मी घेते, मला शनिवार द्या. "तुम्ही ज्यू आहात का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जो गोंधळला, तो आजही आठवतो. पण शनिवार मिळाला. आता मी सहाव्या माळ्यावर राहते. दाराला दोन कड्या, खिडकीला ग्रिल, खाली वॉचमन आणि कॅमेरा. सणाला बाल्कनीत चार काठ्या लावून वर नारळाची झावळी टाकते, आणि सोसायटीचे सेक्रेटरी येऊन हे काय म्हणून विचारतील या भीतीने झावळीवर चादर वाळत घालते. तिकडे राहिलेल्यांनो, इकडे वाघ नाही म्हणून इकडे भीती नसेल असं समजू नका. इथे ती कोणी बोलून दाखवत नाही, एवढंच.

यंदा सणाच्या आधी बाबांचा फोन आला. आईला जाऊन दोन वर्षं झाली, ते एकटेच असतात. "औंदा मंडप वावरात बांधतो," म्हणाले.

गावच्या ग्रुपवर दोनच दिवसांपूर्वी वाघाच्या पंजाचे फोटो आले होते. मी ओरडलेच. बाबा, अंगणात बांधा, नाहीतर इकडे या.

"तुह्या सहाव्या माळ्यावर? अन् अंगणात घर चार पावलावर रायते. भेव लागलं का आत पळतो. मंग मंडप कायचा? दुपारच्या चारले घरी येतो, जंगलाच्या गार्डाले तसा शब्द देल्ला."

मी रजा टाकली आणि निघाले. ठरवूनच निघाले होते, बाबांचा मंडप उचलून अंगणात आणायचा. सणाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पोचले, जेवले, आणि सकाळी बोलू म्हणून आडवी झाले. जाग आली तेव्हा ऊन दारात आलं होतं आणि घरात कोणी नव्हतं.

मी चप्पल न घालताच धावले. वावरांमधल्या धुऱ्यावर गवत कमरेएवढं वाढलेलं. प्रत्येक सळसळीला मी थांबायची आणि थांबले म्हणून अजून घाबरायची. बाबांना हाक मारायची होती, पण हाकेला उत्तर आलं नाही तर, या विचाराने तोंड उघडेना. नाल्याजवळ वळले तेव्हा मंडप दिसला. आणि मंडपाबाहेर, जंगलाकडे तोंड करून, खांद्यावर कुऱ्हाड घेतलेले चैतूभाऊ. केस पार पांढरे झालेले.

"भाऊ, तुम्ही इथं?"

"सणाचा पयला दिवस हाये, तुमच्या शनिवारासारखाच. तुह्या बापानं आज कुऱ्हाड धराची नाई," त्यांनी मान न वळवताच सांगितलं. "माहा देवाचा दिवस आज नाई. मी धरतो."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"लागते ना भेव. म्हणून त उभा हावो."

आत बाबा पळसाच्या पानांवर कालचा भात वाढत होते. तीन पानं मांडली होती. एक चैतूभाऊंचं, ते मागून जेवणार. मी प्रवासभर एक भाषण जुळवून आणलं होतं. मी बसले, आणि नकळत जंगल दिसेल अशी बसले.

"तोंड इकडं कर," बाबा म्हणाले. "तिकडचं चैतू पाह्यते."

मी वळून बसले. मानेवर काटा आला, सळसळ झाली की घास हातातच थांबायचा. बाबांचाही थांबायचा. सागाच्या पानांतून ऊन भातावर पडलं होतं. पुण्यात कोणी घर कुठलं म्हणून विचारलं की मी गावाचं नाव सांगते, तेही खोटं नाही. पण जिथे भीती जागच्या जागी असताना जंगलाकडे पाठ करून जेवता येतं, ते माझं घर. मी दोनदा भात घेतला.