आत्याचा दमा

आमच्या आत्याला दमा नव्हता. तो तिला मी लावला.

आत्या एकतीस वर्षं तरणतलावावर बायकांना पोहायला शिकवायची. गळ्यात शिट्टी, अंगाला क्लोरीनचा वास, आणि आवाज असा की काठाला चिकटलेली बाई मुकाट पाण्यात उतरायची. निवृत्त झाल्यावर तिने ठरवलं, कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटावर जायचं, समुद्राच्या तळाशी उतरायचं, मग तिथलं जंगल बघायचं. एकटीने.

नऊ महिने बेत चालला होता. कपाटाच्या दाराला आतून वेळापत्रक चिकटवलेलं. आधी चार दिवस समुद्र, मग एक दिवस नुसता आराम, आणि मगच डोंगर आणि पोपटांचं रान. खोल पाण्यातून वर आल्यावर लगेच उंचावर जायचं नसतं, हे ती भाजीवाल्यालासुद्धा समजावून सांगायची. कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर कधी येतात, तेही तिने तिथल्या वनरक्षकाला फोन करून विचारलं होतं. तारखा त्यावरूनच ठरल्या होत्या.

बाबांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, हे बघवेना. "बासष्टाव्या वर्षी ही कसली थेरं? लोक काय म्हणतील?" लोकांना दुसरे उद्योग नाहीत की काय! खरं दुखणं एवढंच, की बहिणीने त्यांना न विचारता काहीतरी ठरवलं होतं.

समुद्रात नेणाऱ्या केंद्राला आरोग्याचा अर्ज पाठवायचा होता. संगणकाची कामं आत्या माझ्यावर टाकायची. उत्तरं तिने कागदावर लिहून दिली होती, सगळीकडे 'नाही'. बाबा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"दम्यापुढे 'हो' कर. तेच नको म्हणतील. आपण कशाला वाईट व्हायचं?"

मी चौतीस वर्षांची, बँकेत अधिकारी, हाताखाली सहा माणसं. तरी मी दम्यापुढे 'हो' केलं. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती सगळी काही बाबांवर नसते.

आठवड्याने उत्तर आलं: दमा असलेल्यांना आम्ही नेत नाही. आत्याला वाटलं, त्यांचीच काहीतरी चूक. तिने छातीच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं, फुप्फुसं ठणठणीत असल्याचं पत्र आणलं, आणि केंद्राकडून आपला अर्ज परत मागवला. तो छापून घेऊन ती भर दुपारी आमच्याकडे आली. आम्ही जेवत होतो. तिने कागद ताटांच्या मध्ये ठेवला.

"अगं, काळजीपोटीच…" बाबा पुटपुटले.

"काळजी वाटत होती तर तोंडावर भांडायचं होतंस, दादा. माझ्या नावावर खोटं लिहायचं नव्हतं." मग ती माझ्याकडे वळली. "हा जन्मभर काठावर बसलाय, याचं मला नवल नाही. तुला मी पोहायला शिकवलं होतं गं."

मी "सॉरी, आत्या" म्हटलं. तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.

केंद्राने संध्याकाळपर्यंत जागा धरून ठेवली होती. तिने आमच्याच टेबलावर कोरा अर्ज पसरला, चष्मा लावला आणि एकेक रकाना पेनाने भरत गेली. आई भात वाढायला उठली, तिला आत्या हातानेच नको म्हणाली. शेवटचा रकाना होता: काही बरंवाईट झाल्यास कोणाला कळवावं?

मी माझा नंबर सांगायला तोंड उघडलं. तोवर तिने तलावाच्या पहारेकऱ्याचं नाव लिहून टाकलं होतं.